ताप फॅरनहाइटमध्ये, हवा सेल्सिअसमध्ये: तापमानाचं रूपांतर न चुकता कसं करायचं

कोल्हापुरात एकाच घरात तापमानाची दोन मापं रोज चालतात. पोराला ताप आला की आपण '१०२ आहे' म्हणतो आणि एप्रिलात ऊन तापलं की '३८ वर गेलंय' म्हणतो. पहिला आकडा फॅरनहाइटचा, दुसरा सेल्सिअसचा. कुणी कुणाला माप विचारत नाही, कारण ऐकणाऱ्याला विषय माहीत असतो. घोटाळा होतो तो विषय अनोळखी असला की. शिरोलीच्या फौंड्रीत अमेरिकेतल्या गिऱ्हाइकाचं ड्रॉइंग येतं, त्यात हीट ट्रीटमेंट ११०० अंशांवर लिहिलेली असते. केकची कृती ३५० म्हणते आणि ओटीजीच्या (घरगुती विजेच्या ओव्हनच्या) बटणावर आकडे २५० च्या आसपासच संपतात. नवा डिजिटल थर्मामीटर ३८.३ दाखवतो आणि हा ताप जास्त की कमी, हे घरातल्या आजींना सांगता येत नाही.

सूत्र सातवी-आठवीत सगळ्यांनी घोकलेलं असतं. चुका बहुतेक वेळा दोनच ठिकाणी होतात: ३२ कुठे लावायचे आणि कुठे लावायचे नाहीत, आणि उत्तरातला अपूर्णांक वर न्यायचा की खाली सोडायचा. म्हणून सूत्र लवकर उरकू आणि या दोन गोष्टींपाशी जास्त थांबू.

सूत्र आणि त्यातले ५, ९ व ३२

समुद्रसपाटीवर पाणी सेल्सिअस मापात ० ला गोठतं आणि १०० ला उकळतं. फॅरनहाइटमध्ये तेच ३२ ला गोठतं आणि २१२ ला उकळतं. म्हणजे गोठण्यापासून उकळण्यापर्यंतचं अंतर एकीकडे १०० भागांचं आणि दुसरीकडे १८० भागांचं. १८० ला १०० ने भागलं की ९/५, म्हणजे १.८ येतात. सेल्सिअसचा एक अंश फॅरनहाइटच्या १.८ अंशांएवढा मोठा आहे. शिवाय दोन्ही मापांचं शून्य वेगवेगळ्या जागी आहे, त्या फरकाचे ३२. सूत्रात एवढंच आहे:

सेल्सिअस = (फॅरनहाइट − ३२) × ५ ÷ ९
फॅरनहाइट = सेल्सिअस × ९ ÷ ५ + ३२
केल्व्हिन (शास्त्रातलं तिसरं माप, त्याबद्दल शेवटी) = सेल्सिअस + २७३.१५

फॅरनहाइटने १७२४ साली आपलं माप प्रसिद्ध केलं तेव्हा शून्यासाठी बर्फ, पाणी आणि नवसागर यांचं मिश्रण धरलं होतं. त्यामुळे साध्या बर्फाचा बिंदू वर ३२ वर जाऊन बसला. सेल्सिअसने १७४२ मध्ये माप मांडलं ते तर उलटं होतं: पाणी उकळतं तिथे ० आणि गोठतं तिथे १००. आजच्यासारखं सुलटं ते नंतर झालं.

कॅल्क्युलेटरची फसवणूक

साध्या दुकानी कॅल्क्युलेटरवर ९८.६ − ३२ × ५ ÷ ९ अशी बटणं ओळीने दाबली तर उत्तर ३७ येतं. बरोबर आहे, कारण तो कॅल्क्युलेटर दाबाल त्या क्रमाने हिशेब करत जातो. हीच बटणं मोबाइलवर दाबली तर ८०.८२ येतं. मोबाइल गणिताचा नियम पाळतो: आधी ३२ × ५ ÷ ९ करतो आणि मग ते १७.७८ मूळ आकड्यातून वजा करतो. एक्सेलचंही तसंच, तिथे वजाबाकीला कंस घातला नाही तर सगळा रकाना चुकतो, आणि आकडे अगदीच वेडेवाकडे नसल्याने पटकन लक्षातही येत नाही. उपाय सोपा आहे. मोबाइलवर आधी ९८.६ − ३२ करून 'बरोबर' दाबा, मग पुढचं. एक्सेलमध्ये पहिल्याच ओळीत २१२ टाकून बघा. उत्तर १०० आलं तरच सूत्र खाली ओढा.

कंसाची भानगडच नको असेल तर चाळीसची रीत वापरा. दोन्ही मापं उणे ४० ला एकत्र येतात: −४० °से. म्हणजेच −४० °फॅ. म्हणून कुठल्याही बाजूने जाताना आधी ४० मिळवायचे, मग १.८ ने गुणायचं किंवा भागायचं, शेवटी ४० वजा करायचे.

१०४ °फॅ. चं सेल्सिअस: १०४ + ४० = १४४; १४४ ÷ १.८ = ८०; ८० − ४० = ४०.
२५ °से. चं फॅरनहाइट: २५ + ४० = ६५; ६५ × १.८ = ११७; ११७ − ४० = ७७.

दोन्ही दिशांना सुरुवात आणि शेवट सारखाच असतो. लक्षात ठेवायचं एवढंच की फॅरनहाइटचा आकडा मोठा यायला हवा, म्हणून तिकडे जाताना गुणाकार आणि सेल्सिअसकडे येताना भागाकार. (उणे ४० च्या खाली हा मोठे-लहानपणा उलटतो, पण रीत तिथेही तशीच चालते.) '३२ आधी की नंतर' हा गोंधळ ज्यांचा कायम होतो, त्यांनी शाळेचं सूत्र सोडून हीच रीत धरावी.

तोंडी हिशेब

सेल्सिअसचं फॅरनहाइट तोंडी आणि तंतोतंत करता येतं. दुप्पट करा, त्यातून दहावा हिस्सा काढा, ३२ मिळवा. ३७ ची दुप्पट ७४, दहावा हिस्सा ७.४, उरले ६६.६, अधिक ३२ म्हणजे ९८.६. हा अंदाज नाही, पक्कं उत्तर आहे, कारण २ मधून त्याचा दहावा भाग गेला की १.८ च उरतात.

उलट दिशेला: ३२ वजा करा, निम्मे करा, त्यात त्याच निम्म्याचा दहावा हिस्सा मिळवा, अजून नेमकं हवं असेल तर शंभरावाही मिळवा. १०१ − ३२ = ६९; निम्मे ३४.५, दहावा हिस्सा ३.४५; शंभरावा ०.३४५, बेरीज ३८.२९५. खरं उत्तर ३८.३३. घरच्या कामाला एवढं पुरतं.

आता एका वाईट रीतीबद्दल, कारण ती फार पसरलेली आहे: '३० वजा करा आणि निम्मे करा'. ही फक्त ५० °फॅ. ला बरोबर आहे. हवेच्या तापमानासाठी, म्हणजे ६० ते ८५ च्या दरम्यान, दोन-तीन अंशांच्या आत भागवून नेते. पण तापासाठी वापरली तर १०४ चे ३७ येतात. १०४ ताप म्हणजे खरं तर ४० °से., आणि ही रीत त्याला निरोगी माणसाचं तापमान ठरवते. भट्टीवर तर विचारूच नका: २५५० °फॅ. चे १२६० येतात, खरे आहेत १३९९. म्हणून ही रीत परदेशातल्या नातेवाइकांनी सांगितलेली हवा समजून घेण्यापुरतीच ठेवा.

पाठ करायची असेल तर पाचाची शिडी पाठ करा. सेल्सिअस पाचाने चढतं तेव्हा फॅरनहाइट नऊने चढतं:

० – ३२
५ – ४१
१० – ५०
१५ – ५९
२० – ६८
२५ – ७७
३० – ८६
३५ – ९५
४० – १०४

आणखी दोन जोड्या सहज ध्यानात राहतात, कारण त्यांत आकडे उलटे होतात: १६ चे जवळजवळ ६१ आणि २८ चे जवळजवळ ८२. कोल्हापूरची हिवाळ्यातली पहाट आणि पावसाळ्यातली दुपार साधारण या दोन आकड्यांच्या आसपास असते.

तापाचा थर्मामीटर

अंगाच्या तापासाठी सूत्राची गरज नाही. ३७ म्हणजे ९८.६, आणि तिथून सेल्सिअसच्या दर अंशाला १.८:

३७.० – ९८.६
३८.० – १००.४
३९.० – १०२.२
४०.० – १०४.०

मधले आपल्या तोंडी असलेले आकडे: १०० म्हणजे ३७.८, १०१ म्हणजे ३८.३, १०२ म्हणजे ३८.९, १०३ म्हणजे ३९.४. ही ओळ कागदावर लिहून औषधांच्या डब्याच्या झाकणाला आतून चिकटवा. रात्री दोन वाजता कुणालाही हिशेब सुचत नाही.

डिजिटल थर्मामीटरवर मापाची खूण फार बारीक असते. आकडा तिशीत किंवा चाळीसच्या सुरुवातीला असेल तर सेल्सिअस, नव्वदीत किंवा शंभरावर असेल तर फॅरनहाइट. अंगाच्या तापात दोन्हींची गल्लत होऊच शकत नाही. बऱ्याच थर्मामीटरवर बटण थोडा वेळ दाबून धरलं की माप बदलतं, त्यामुळे लहान मुलाच्या हाती गेलेला थर्मामीटर पुढच्या वेळी वेगळ्या मापात सापडला तर तो बिघडलेला नाही. डॉक्टरांना फोनवर ताप सांगताना दिसतोय तोच आकडा आणि तेच माप सांगा, स्वतः रूपांतर करून सांगू नका.

९८.६ मधला '.६' बघून अनेकांना वाटतं की निरोगी शरीराचं तापमान इतकं काटेकोर असतं. तसं नाही. १८६८ मध्ये वुंडरलिश या जर्मन डॉक्टरांनी सरासरी ३७ °से. अशी सरळ संख्या दिली होती. तिचं फॅरनहाइट करताना दशांश आपोआप आला. सकाळी ९७.८ आणि संध्याकाळी ९९ दिसलं तर त्यात घाबरण्यासारखं काही नाही. गणितातून आलेला दशांश आणि मोजमापातून आलेला दशांश वेगळे असतात, आणि पुढे फौंड्रीच्या कामात हीच गोष्ट पैशांच्या भाषेत समोर येते.

फरकाला ३२ लागत नाहीत

तापमान दोन तऱ्हांनी सांगितलं जातं. 'भट्टी ११०० वर आहे' हे एक वाचन झालं. 'भट्टी ५० अंशांनी चढली' हा फरक झाला. वाचनाला ३२ लागतात, कारण दोन मापांची शून्यं वेगळी आहेत. फरकात शून्याचा संबंधच नसतो. तिथे फक्त १.८ ने भागायचं किंवा गुणायचं.

टॉलरन्स, म्हणजे ठरलेल्या आकड्यापेक्षा किती कमी-जास्त चालेल ती मुभा, हा फरक आहे. तापवण्याचा आणि थंड करण्याचा वेगही फरकच आहे. उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव या पट्ट्यात परदेशी ड्रॉइंगवर काम करणाऱ्या प्रत्येक कारखान्यात ही गोष्ट भट्टीजवळच्या फलकावर असायला हवी.

समजा कागदावर लिहिलंय: स्ट्रेस रिलीव्हिंग (मालातला आतला ताण काढण्यासाठी तापवणं) ११०० °फॅ., टॉलरन्स अधिक-उणे २५ °फॅ., थंड करण्याचा वेग तासाला जास्तीत जास्त १०० °फॅ.

पहिला आकडा वाचन: (११०० − ३२) × ५ ÷ ९ = ५९३.३ °से.
दुसरा फरक: २५ ÷ १.८ = १३.९ °से.
तिसराही फरक: १०० ÷ १.८ = तासाला ५५.६ °से.

आता चूक कशी होते ती बघा. मोबाइलवरच्या रूपांतर करणाऱ्या ॲपमध्ये २५ टाकले तर ते −३.९ म्हणतं. उणे टॉलरन्स बघून निदान शंका तरी येते. पण १०० टाकले तर ३७.८ येतात आणि तो आकडा अगदी शहाण्यासारखा दिसतो. मग भट्टी तासाला ३७.८ अंशांनी थंड केली जाते. माल बिघडत नाही, पण ६०० वरून ३०० वर यायला साडेपाच तासांऐवजी आठ तास लागतात. भट्टी अडकते आणि पुढचा लॉट थांबतो.

उलट दिशेची चूक जास्त महाग पडते. आपल्या हीट ट्रीटमेंटवाल्याने भट्टीचा फरक अधिक-उणे १० °से. असल्याचं कळवलं आणि ऑफिसात कुणी ॲपमधून त्याचं ५० °फॅ. करून गिऱ्हाइकाला पाठवलं. खरा आकडा १८ °फॅ. आहे. आपणच आपली भट्टी जवळजवळ तिप्पट वाईट असल्याचं लिहून दिलं. ॲपचा दोष नाही. ॲप प्रत्येक आकडा वाचन समजतं. फरकासाठी ते वापरायचंच नाही.

टॉलरन्स असलेलं तापमान बदलायची सगळ्यात भरवशाची पद्धत अशी: आधी मूळ मापातच दोन टोकं काढा, मग दोन्ही टोकं वाचन म्हणून बदला. ११०० अधिक-उणे २५ म्हणजे १०७५ ते ११२५ °फॅ.; त्यांचं ५७९.४ ते ६०७.२ °से. शेवटी दोन्ही टोकं आतल्या बाजूला सोडा: ५८० ते ६०७. भट्टीचा सेट पॉइंट, म्हणजे तिच्यावर लावायचा आकडा, ५९३.

अपूर्णांक कुठल्या बाजूला सोडायचा

शाळेचा नियम म्हणतो, पाच किंवा वर असेल तर पुढचा आकडा धरा. मर्यादा असलेल्या तापमानाला हा नियम चालत नाही. 'किमान इतकं हवं' असेल तर वर न्या, 'यापेक्षा जास्त नको' असेल तर खाली आणा.

दूध हे याचं नेमकं उदाहरण. अमेरिकन मानकात पाश्चरायझेशन १६१ °फॅ. ला १५ सेकंद असं असतं. त्याचं होतं ७१.६७ °से. ही किमान मर्यादा आहे, म्हणून ७२ च लिहायचं. ७१ लिहिलं तर दूध नियमाखाली गेलं. जुन्या संथ पद्धतीत १४५ °फॅ. ला ३० मिनिटं, ते ६२.७८, म्हणून ६३. याउलट थंड केलेलं दूध ४ °से. च्या वर जाऊ द्यायचं नसेल तर ते ३९.२ °फॅ. होतं आणि फलकावर ३९ लिहायचं, ४० नाही.

लसींच्या फ्रीजला दोन्ही टोकं असतात: २ ते ८ °से., म्हणजे ३५.६ ते ४६.४ °फॅ. पूर्ण अंशांत लिहायचं तर ३६ ते ४६. खालचं टोक वर गेलं, वरचं खाली आलं, दोन्ही आत आले.

दशांश किती ठेवायचे हे उपकरणावर ठरतं. वितळलेल्या लोखंडात टोचून मोजताना दोन-तीन अंशांचा फरक सहज पडतो; तिथे १३९८.८८९ लिहिण्यात अर्थ नाही, १३९९ पुरे किंवा १४०० सुद्धा. आणि एकदा बदललेला आकडा पुन्हा उलटा बदलू नका. ३५० °फॅ. चे कुणी १८० केले, दुसऱ्याने त्याचे परत ३५६ केले, तिसऱ्याने ३६०. तीन हातांत दहा अंश वाढले. मूळ कागदावरचा आकडा आणि माप जपून ठेवा आणि दरवेळी तिथूनच बदला.

ओटीजी आणि केक

परदेशी कृतींत येणारे नेहमीचे आकडे मोजकेच आहेत:

३२५ °फॅ. – १६३ °से., बटण १६५ वर
३५० °फॅ. – १७७ °से., बटण १७५ ते १८०
३७५ °फॅ. – १९१ °से., बटण १९०
४०० °फॅ. – २०४ °से., बटण २०५
४५० °फॅ. – २३२ °से., बटण २३०

इथे दोन अंशांसाठी जिवाचा आटापिटा करू नका. घरगुती ओटीजीचा थर्मोस्टॅट तापणारी कांडी चालू-बंद करत राहतो आणि आतलं तापमान सेट केलेल्या आकड्याच्या दोन्ही बाजूंना बरंच झुलतं. एक सोय मात्र ध्यानात ठेवा: ३२० °फॅ. म्हणजे बरोबर १६० °से., नेमकं निम्मं. त्यामुळे ३०० ते ४०० च्या पट्ट्यात नुसतं निम्मं केलं तरी चार-पाच अंशांपेक्षा जास्त चूक होत नाही. ४५० ला मात्र सात अंश कमी पडतात आणि पिझ्झ्याचा तळ पांढरा राहतो.

'फॅन चालू असेल तर २५ अंश कमी ठेवा' अशी सूचना फॅरनहाइटच्या कृतीत असेल तर तो फरक आहे. २५ ÷ १.८ म्हणजे सुमारे १४ °से. कमी.

गुऱ्हाळ, पाक आणि कोल्हापूरची उंची

इथे एक गोष्ट रूपांतराच्या सूत्रात नसते आणि तरी उत्तर बिघडवते. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंच आहे. हवेचा दाब कमी असल्याने पाणी इथे १०० ला नाही, सुमारे ९८ °से. ला, म्हणजे २०८.४ °फॅ. ला उकळतं. पन्हाळ्यावर त्याहून थोडं आधी. नवा थर्मामीटर उकळत्या पाण्यात धरला आणि ९८ दिसलं म्हणून तो परत करायला निघू नका. तो बरोबर आहे. १०० दाखवत असेल तरच त्याच्याकडे संशयाने बघा.

तपासणीसाठी बर्फ जास्त चांगला, कारण बर्फाच्या बिंदूवर उंचीचा म्हणण्यासारखा परिणाम होत नाही. काचेच्या पेल्यात चुरलेला बर्फ काठोकाठ भरा, फटी भरतील एवढंच पाणी घाला, ढवळा, तीन-चार मिनिटं थांबा आणि थर्मामीटरचं टोक तळाला व काचेला न टेकवता मधोमध धरा. ० °से. किंवा ३२ °फॅ. यायला हवं. १ दाखवत असेल तर पुढच्या प्रत्येक वाचनातून १ वजा करा, आणि ही वजाबाकी रूपांतराच्या आधी, थर्मामीटरच्याच मापात करा. पाणी जास्त आणि बर्फाचे चार खडे तरंगताहेत, असं असेल तर ते शून्य नव्हे. ते तीन-चार अंशही असू शकतं.

गुळाचं आधण उतरवायची वेळ गुळव्या थंड पाण्यात थेंब टाकून गोळी होते का ते बघून ठरवतो. थर्मामीटरच्या भाषेत घट्ट गुळासाठी हे साधारण ११४ ते ११८ °से. होतं, म्हणजे २३७ ते २४४ °फॅ. काकवी त्याच्या बरीच आधी, १०५-१०६ °से. ला, म्हणजे २२१ ते २२३ °फॅ. ला उतरते. या शेवटच्या टप्प्यात काहिलीतलं पाणी संपत आलेलं असतं आणि तापमान भराभर चढतं. दोन °से. ची चूक म्हणजे गूळ मऊ राहणं किंवा करपणं. इथे तोंडी अंदाज उपयोगाचा नाही. थर्मामीटर ज्या मापात आहे त्याच मापातले आकडे आधीच फलकावर लिहून चुलवाणाशेजारी टांगावेत. टोक काहिलीच्या तळाला टेकलं तर रसाचं नाही, पत्र्याचं तापमान दिसतं. फेसात राहिलं तर कमी दिसतं. रसाच्या मध्यावर बुडवा आणि आकडा स्थिर होऊ द्या.

परदेशी मिठाईच्या कृतीत गोळीबंद पाकासाठी २३५ ते २४० °फॅ. असं असतं, ते समुद्रसपाटीचं. इथे पाणी सुमारे २ °से. आधी उकळतं, म्हणून पाकाची प्रत्येक अवस्थाही तेवढीच आधी येते. २ °से. हा फरक, फॅरनहाइटमध्ये ३.६. म्हणजे २४० च्या जागी इथे सुमारे २३६ °फॅ., किंवा ११३.६ °से. ला उतरवा. गुऱ्हाळाचे आकडे मात्र इथल्याच काहिलीवर मोजून ठरवलेले असतील तर त्यातून पुन्हा वजा करायचं नाही.

भट्टी, कंट्रोलर आणि इन्फ्रारेड गन

ओतकामात नेहमी लागणारे आकडे पाठ असलेले बरे. १४०० °से. म्हणजे २५५२ °फॅ., १४५० म्हणजे २६४२, १५०० म्हणजे २७३२. दर ५० °से. ला ९० °फॅ. वाढतात, एवढं कळलं की मधले तोंडी येतात. २५५० °फॅ. पोअरिंग सांगणारा कागद १३९९ °से. मागतोय. हाच आकडा '३२ वजा करून ०.५५ ने गुणा' या आळशी रीतीने काढला तर १३८५ येतो. चौदा अंश थंड मेटलने पातळ भिंतीच्या कास्टिंगमध्ये मिसरन (साचा पुरता न भरणं) आणि कोल्ड शट (धातूच्या दोन धारा एकजीव न होणं) वाढतात, आणि दोष वाळूवर किंवा गेटिंगवर ढकलला जातो. ५ ÷ ९ च वापरा, नाहीतर ०.५५५६.

हुपरीकडच्या चांदीकामासाठी: शुद्ध चांदी ९६१.७८ °से. ला, म्हणजे १७६३.२ °फॅ. ला वितळते. तांबं मिसळलेली चांदी त्याच्या खालीच वितळायला लागते, त्यामुळे परदेशी डाखाच्या (सांधा जोडायच्या धातूच्या) पाकिटावरचा फॅरनहाइट आकडा बदलताना तो मूळ धातूच्या किती खाली आहे हेही सेल्सिअसमध्ये काढून ठेवा. तो फरक आहे, ३२ नाहीत.

डिजिटल कंट्रोलरमध्ये मापाची निवड एका पॅरामीटरमध्ये असते. काही कंट्रोलर माप बदलल्यावर सेट पॉइंटही बदलून घेतात, काहींत सेट पॉइंटचा आकडा तसाच राहतो. ११०० °फॅ. वर ठेवलेला कंट्रोलर सेल्सिअसवर नेला आणि आकडा ११०० च राहिला, तर भट्टी ५९३ ऐवजी ११०० °से. कडे धावेल. म्हणून माप बदलण्याआधी हीटर बंद करा, बदल करा, सेट पॉइंट, अलार्म आणि ऑफसेट (वाचनात मिळवायची दुरुस्ती) हे तिन्ही हाताने तपासा, मगच चालू करा. ऑफसेट हाही फरक आहे हे इथे नेमकं विसरलं जातं.

इन्फ्रारेड गनवरचं मापाचं बटण खिशातही दाबलं जातं. वापरण्याआधी सावलीतल्या भिंतीवर रोखा: पंचवीस-तीसच्या आसपास दिसलं तर सेल्सिअस, ऐंशीच्या आसपास दिसलं तर फॅरनहाइट. चकचकीत धातूवर ती कमी दाखवते. ती चूक रूपांतराने सुटत नाही, त्यासाठी एमिसिव्हिटीची (पृष्ठभाग किती उष्णता बाहेर टाकतो त्या आकड्याची) सेटिंग बदलावी लागते.

केल्व्हिन कुठे लागतं

केल्व्हिनला अंशाची खूण लावत नाहीत. ३०० केल्व्हिन, बस. एका केल्व्हिनचा फरक म्हणजे एका सेल्सिअसचाच फरक. त्यामुळे टॉलरन्स बदलताना काहीच करायचं नाही, वाचन बदलताना फक्त २७३.१५ मिळवायचे. जुन्या अमेरिकन इंजिनिअरिंगच्या तक्त्यांत रँकिन दिसतं: फॅरनहाइट + ४५९.६७. रेओम्यूर मापात पाणी ८० ला उकळतं, म्हणून सेल्सिअस × ०.८, हे आता जुन्या पुस्तकांतच भेटतं.

केल्व्हिनवाचून अडतं ते 'पट' काढताना, कारण त्याचंच शून्य हे खरं, सगळ्यात थंड टोक आहे. ६० °से. हे ३० °से. च्या दुप्पट गरम नाही. केल्व्हिनमध्ये ते ३३३.१५ आणि ३०३.१५ आहेत, म्हणजे सुमारे १.१ पट. हवा किंवा गॅस यांच्या दाबाचा हिशेब याच पटीवर चालतो. टायरमध्ये ३० °से. ला ३२ पीएसआय भरली आणि हायवेवर आतली हवा ६० °से. झाली असं धरा. गेजवर बाहेरच्या हवेचा दाब धरलेला नसतो. कोल्हापुरात तो सुमारे १३.७ पीएसआय. म्हणून ३२ + १३.७ = ४५.७, त्याला १.०९९ ने गुणलं की ५०.२, त्यातून १३.७ वजा केले की गेजवर सुमारे ३६.५ दिसेल. पंपावर टायर गरम असताना ३६ दिसलं म्हणून हवा काढून टाकली, तर सकाळी गार टायरमध्ये ती कमी भरते. दाब सकाळी, गाडी चालवण्याआधीच बघायचा.